गेट उघडण्याआधीचा एक तास

प्रति,
महाविद्यालयांच्या गॅदरिंग समित्या, गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांचे कार्यकर्ते, नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि कॅफेत गाण्याची संध्याकाळ ठेवणारे मालक यांस

सप्रेम नमस्कार.

आपण गिटारवाल्यांना, छोट्या बँडना, स्वतःची मराठी गाणी लिहून गाणाऱ्या मुलामुलींना बोलावता, जागा देता, पोस्टर लावता. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र तक्रारीचे वाटले तरी त्यामागे इच्छा एकच आहे, की हे कार्यक्रम वाढावेत आणि ऐकायला आलेला माणूस पुढच्या वेळी पुन्हा यावा.

बहुतेक कार्यक्रमांत पहिली तीन-चार गाणी फुकट जातात. गाणारा हाताने खूण करतो, मॉनिटर (त्याचाच आवाज त्याला ऐकवणारा स्पीकर) वाढवा. गिटार पत्र्यावर काडी ओढल्यासारखी वाजते. शब्द कळत नाहीत, मध्येच माईक शिट्टी मारतो आणि सगळा हॉल कानावर हात ठेवतो. चौथ्या गाण्यापर्यंत सगळे जुळत येते, तेव्हा निवेदक येऊन सांगतो की वेळ संपत आली आहे. लोक कलाकाराला नावे ठेवतात, कलाकार साउंडवाल्याला. आमच्या मते पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो. कार्यक्रमाच्या आखणीतच एक तास कमी पडलेला असतो. तो तास म्हणजे साउंडचेक, लोक येण्याआधी आवाज जुळवून घेणे, आणि तो देणे फक्त आपल्या हातात आहे.

हा तास खातो कोण? मंडपात सजावट लांबते. नाट्यगृहात दुपारच्या सत्राचे नाटक संपून सेट उतरेपर्यंत संध्याकाळच्या सत्राची माणसे दारात उभी असतात. गॅदरिंगमध्ये त्याच रंगमंचावर नाचाच्या तालमी चालू असतात. मग "थेट पहिल्या गाण्यातच जमवून घेऊ" असे ठरते. पुढे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगते यांत पाऊण तास जातो, आणि रात्री दहाचा काटा मात्र हलत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या या बंदीतून सूट आहे, पण मंडपाला नाही. म्हणजे सुरुवातीला वाया गेलेला प्रत्येक मिनिट शेवटच्या गाण्यातून वजा होतो. बँड पाऊण तास उशिरा सुरू झाला की दीड तासाचा कार्यक्रम पाऊण तासावर येतो, आणि कापली जातात ती त्यांची स्वतःची नवी गाणी, कारण लोकांना माहीत असलेली गाणी गाळता येत नाहीत.

म्हणून वेळापत्रक उलट्या दिशेने लिहा. सातला पहिला सूर हवा असेल तर साडेसहाला गेट. पाच ते सहा साउंडचेक. साडेचारला सगळ्या वायरी जोडून प्रत्येक माईक एकेकदा वाजवून पाहणे, याला लाइनचेक म्हणतात. तीन वाजता स्पीकर आणि मिक्सर (सगळे आवाज एकत्र करणारे यंत्र) जागेवर. एकटा गाणारा आणि एक गिटार असेल तर वीस मिनिटे पुरतात. ड्रम, बास, दोन गिटार, कीबोर्ड आणि गायक असा बँड असेल तर तास ते दीड तास लागतो. नाट्यगृहाचे सत्र घेताना हा वेळ भाड्यात धरूनच घ्या. ते अगदीच शक्य नसेल तर सामान बाजूच्या विंगेत आधीच जोडून ठेवा आणि पडद्यामागे निदान लाइनचेक तरी होऊ द्या.

आता या तासात नेमके काय होते ते सांगतो. ते कळले तर तो देणे सोपे जाईल असे वाटते.

सुरुवात विजेपासून होते, आणि या एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) अर्थला, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या वायरला, जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या तारांवर, आणि ओठ माईकच्या लोखंडी जाळीला टेकलेले. अँप एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असेल, आणि एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर दोघांमधला विजेचा फरक माणसाच्या अंगातून वाट काढतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडे आजही तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसला जातो, किंवा "घरघर येते म्हणून" अर्थची वायर काढून टाकली जाते. घरघर घालवण्याचा हा मार्ग नव्हे. तो कुठला, ते पुढे सांगतो.

मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. इलेक्ट्रिशियनकडून रंगमंचावरच्या प्रत्येक बोर्डवर तीन मोजमापे घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २२० ते २४० व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शून्य किंवा शंभराच्या आसपास दिसले, तर त्या भोकात अर्थ पोचलेलाच नाही. सगळे सामान चालू केल्यावर मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माईकच्या जाळीला आणि दुसरे गिटारच्या तारेला लावा. काटा शून्याजवळच राहिला पाहिजे. हे करेपर्यंत कोणीही ओठ माईकजवळ नेऊ नये. रंगमंचाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर गळती होताच वीज तुटते. पावसाळ्यात, ओल्या मंडपात, ती नसणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. जनरेटर असेल तर त्याचे स्वतःचे अर्थिंग ठोकलेले आहे ना, आणि न्यूट्रलचा जोड घट्ट आहे ना, हे पाहा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढते आणि कीबोर्ड, मिक्सर, अँप एका झटक्यात जळतात.

शक्य असेल तिथे दिवे एका फेजवर आणि सगळा आवाज दुसऱ्या एकाच फेजवर घ्या. दिव्यांच्या डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा) आवाजाला फार त्रास होतो. सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणारे एकच वेटोळे असलेली) गिटार म्हणजे आसपासची विद्युतचुंबकीय गडबड पकडणारा अँटेनाच. डिमर अर्ध्यावर आला की स्पीकरमधून माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि वादक वळला की तो कमी-जास्त होतो. हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकांची घरघर खोडतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. पण आपल्याला हवी तीच गिटार आणा असे वादकाला सांगता येत नाही. डिमर दूर ठेवणे आपल्या हातात आहे.

घरघर कायम एकसारखी, खालच्या सुरातली असेल, आणि वादक वळला तरी बदलत नसेल, तर ती बहुधा ग्राउंड लूपची असते. गिटारचा अँप एका जागी अर्थ झालेला, मिक्सर दुसऱ्या जागी, आणि दोघांना जोडणारी केबल. या वेटोळ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. उपाय आहे डीआय बॉक्स. मूठभर आकाराची डबी. गिटार किंवा कीबोर्डची केबल तिच्यात जाते आणि बाहेर माईकसारखी तीन पिनांची केबल निघते. तिच्यावर ग्राउंड लिफ्ट नावाचे बटण असते. ते दाबले की आवाजाच्या केबलमधला अर्थ तुटतो आणि लूप मोडतो. विजेच्या प्लगमधला अर्थ शाबूत राहतो, माणूसही शाबूत राहतो. घरघर लॅपटॉपमधून येत असेल तर आधी त्याचा चार्जर काढून पाहा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच थांबते.

या डबीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या स्पीकरवाल्यांच्या यादीत ती बहुतेक नसते आणि गिटार पत्र्यासारखी वाजण्याचे सर्वांत मोठे कारण तिची अनुपस्थिती हेच असते. अकूस्टिक गिटारच्या घोडीखाली पिझो नावाची पट्टी असते. तारेचा दाब बदलला की ती वीज निर्माण करते, पण फार दुबळी. तिला पुढे निदान दहा लाख ओहम अवरोध असलेले इनपुट लागते. मिक्सरचे लाइन इनपुट साधारण दहा हजार ओहमचे आणि माईक इनपुट दीड-दोन हजारांचे. पिझो थेट तिथे जोडली की खालचे सूर गळून पडतात आणि उरते ती टिकटिक. ज्या गिटारमध्ये आतच नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप (दुबळा आवाज वाढवणारे छोटे यंत्र) आहे, तिला ही अडचण कमी. ज्या गिटारमध्ये तो नाही तिला ॲक्टिव्ह डीआय हवी, जी मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर किंवा बॅटरीवर चालते. कीबोर्डला साधी पॅसिव्ह डीआय पुरते. दोन ॲक्टिव्ह आणि दोन पॅसिव्ह असा संच असला की बहुतेक बँड निभावतात. भाड्याची यादी ठरवतानाच हे लिहून द्या.

डीआयचा दुसरा फायदा लांबीचा. गिटारची साधी केबल सहा मीटरच्या पुढे गेली की तिची स्वतःची कपॅसिटन्स वरचे सूर खायला लागते. मिक्सर हॉलच्या मागे तीस मीटरवर असेल तर तिथपर्यंत साधी केबल ओढून चालणार नाही. गिटारपासून डीआयपर्यंत साधी आणि पुढे तीन पिनांची. स्पीकरची केबल गिटारला आणि गिटारची केबल स्पीकरला लावण्याचा प्रकारही होतो, कारण दोन्हींच्या टोकाला तोच पाव इंची जॅक असतो. पहिल्याने घरघर येते. दुसऱ्याने केबल तापते आणि अँप जाऊ शकतो.

नऊ व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या टेबलावर ठेवा. अकूस्टिक गिटारमध्ये जॅक घातला की बॅटरी सुरू होते, आणि साउंडचेकनंतर जॅक तसाच राहिला तर कार्यक्रमापर्यंत ती उतरू शकते. आवाज फाटायला, तडतडायला लागला की आधी बॅटरी बदला, मग मिक्सरकडे पाहा.

इलेक्ट्रिक गिटारवाला अँप घेऊन आला असेल तर त्याच्या स्पीकरसमोर साधा डायनॅमिक माईक लावायचा. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासून या कामाला वापरला जातो आणि कुठेही मिळतो. जाळीपासून दोन ते पाच सेंटिमीटर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला. अगदी मध्यावर ठेवला तर आवाज बोचरा येतो, बाहेर सरकवला तर मऊ होतो. दोनतीनशे माणसांच्या हॉलला पंधरा-वीस वॅटचा ट्यूब अँप पुरेसा आहे. तो जमिनीवर ठेवला की वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, कानाला नाही, म्हणून वादक आवाज वाढवतो आणि पहिल्या दोन रांगांचे कान बधिर होतात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा, सारे आपोआप खाली येते.

हल्ली बरेच जण अँप न आणता पायाखालचा मल्टिइफेक्ट प्रोसेसर आणतात. तो थेट मिक्सरला जोडताना त्यातले कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे अँपच्या स्पीकरची नक्कल, चालू हवे. ते बंद असेल तर डिस्टॉर्शनचा आवाज चिलट कानाशी आल्यासारखा येतो. तोच प्रोसेसर अँपला जोडला आणि सिम्युलेशन चालू राहिले, तर सगळे घोंगडीखाली गेल्यासारखे होते. साउंडवाल्याने हा एक प्रश्न विचारावा, पाच मिनिटांची शोधाशोध वाचते.

शिट्टीबद्दल. माईक जे ऐकतो ते स्पीकर बोलतो, ते माईक पुन्हा ऐकतो, आणि हे चक्र एखाद्या सुरावर बेफाम होते. गायकासमोर जमिनीवरचा मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकवर ठरते. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माईक बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत. सुपरकार्डिऑइड माईकला मागून थोडे ऐकू येते आणि साधारण १२५ अंशांवर सर्वांत कमी, म्हणून तिथे दोन मॉनिटर तिरके, उजवी-डावीकडे. माईकची जाळी मुठीत धरली की हे सगळे गणित कोलमडते. गॅदरिंगच्या गायकांना हे आधी सांगा. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून जातील इतक्या उंच स्टँडवर. माईकच्या मागे ठेवलेले स्पीकर शिट्टी देणारच. आणि मॉनिटर कमी पडले म्हणून आहे तोच प्रेक्षकांकडे वळवू नका. गायकाला स्वतःचा आवाज आला नाही तर तो ओरडतो, मग सूर चढतो किंवा उतरतो, आणि ती संध्याकाळ तिथेच हातातून जाते.

अकूस्टिक गिटार शिट्टीपेक्षा घुमते जास्त. मोठ्या अंगाच्या गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते, पाचव्या मोकळ्या तारेच्या सुराजवळ, आणि वरची फळी दोनशेच्या आसपास. वादक ए वाजवतो आणि हॉलमध्ये भोंगा सुरू होतो तो म्हणूनच. घाईत मिक्सरवरचा सगळा बास उतरवला जातो आणि गिटारचा जीव जातो. त्याऐवजी साउंडहोलमध्ये रबरी झाकण बसवा. त्याने न भागले तर १०० आणि २०० च्या जवळची फक्त घुमणारी जागा शोधून तेवढीच तीन ते सहा डेसिबल खाली आणा. प्रीअँपवर आवाजाची लाट उलटवणारे फेजचे बटण असेल (विजेच्या फेजशी त्याचा संबंध नाही) तर तेही उलटून पाहा. बास गिटार, किक ड्रम आणि कीबोर्ड सोडून बाकी सगळ्या माईकवर ८० ते १०० हर्ट्झचे लो-कट (त्याखालचे सूर कापणारे बटण) लावले की अर्धा गोंधळ निवळतो. आणि कृपा करून माईकवरचा इको बंद ठेवा. मंडपातल्या घोषणांना तो चालत असेल, गाण्याचे शब्द मात्र त्यात विरघळतात.

भावगीत किंवा अभंगाच्या कार्यक्रमात गिटारच्या बाजूला पेटी आणि तबला असतो. तिथे सूर लावण्याचा क्रम ठरलेला हवा. पेटीचे सूर रंगमंचावर बदलता येत नाहीत, म्हणून आधी पेटी. ट्यूनर ४४० वर असतो, पण जुनी पेटी ४४२ किंवा ४३८ वर असू शकते. ट्यूनर पेटीच्या स्वरावर आणून तोच आकडा सगळ्यांनी आपापल्या ट्यूनरला द्यायचा, कीबोर्डलाही, मग तबला. गायकाची पट्टीही आधीच कळवा. काळी एक असेल तर गिटारवाला पहिल्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सी चे आकार वाजवतो, काळी चार असेल तर पहिल्याच घरावर कॅपो आणि जी चे आकार. आयत्या वेळी "काळी दोन करू या" म्हटले की अर्ध्या तालमीवर पाणी पडते, कारण मोकळ्या तारांवर बसवलेली चाल दुसऱ्या आकारात तशीच येत नाही.

सूर उतरण्याचे आणखी एक कारण हवा. गणपतीच्या दिवसांत मुंबईची, कोकणची हवा ओलीचिंब असते. लाकूड फुगते, वरची फळी उचलते, तारा बोटांपासून दूर जातात. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उलटे. लाकूड आक्रसते आणि फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोके हाताला खरखरीत लागतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपण हवा बदलू शकत नाही, पण एसी गाडीतून उतरलेली गिटार केसमध्येच वीस-तीस मिनिटे मंडपात राहू द्या आणि मग सूर लावू द्या. दिव्यांखाली तार तापली की ती सैलावते, सूर उतरतो. म्हणून साउंडचेक त्याच दिव्यांत व्हावा, ज्यांत कार्यक्रम होणार आहे.

एक किरकोळ वाटणारी मागणी. गिटारवाल्याला हात नसलेली खुर्ची द्या. स्वागतासाठी आणलेल्या सोफ्यावर किंवा हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गिटार मांडीवर बसतच नाही; कोपर आणि खुर्चीचा हात एकाच जागी येतात. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचे स्टूलही चालेल. ड्रमखाली दोन मीटर बाय दोन मीटरची सतरंजी, नाहीतर किक ड्रम गाणे चालू असताना पुढे सरकत जातो.

साउंडचेक झाला, सगळे जमले, आणि मग सत्कारासाठी रंगमंच मोकळा केला जातो. मॉनिटर उचलले जातात, समई येते, पोडियम येते. मधल्या वेळात गाणी लावणारा कोणी येऊन मिक्सरची बटणे फिरवतो. तासभराचे काम पाच मिनिटांत पुसले जाते. याला उपाय सोपे आहेत. स्टँड आणि मॉनिटरच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा. डिजिटल मिक्सरवर सीन सेव्ह करा, जुना असेल तर बटणांचा मोबाइलवर फोटो घ्या. भाषणांचा माईक आणि मधल्या वेळची गाणी यांना वेगळे चॅनेल द्या. पोडियम एका कडेला उभे करा, म्हणजे सत्कार होईल आणि काही हलणारही नाही. हॉल भरला की आवाज थोडा बदलतो, माणसांचे अंग आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, म्हणून पहिल्या गाण्यात साउंडवाल्याला थोडी दुरुस्ती करू द्या. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून "बास वाढव" म्हणू नका.

आवाज किती मोठा, हाही प्रश्न आपल्याच अखत्यारीतला. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांत जे कमी असेल त्याच्या आत हवा. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. मुंबईत धोबी तलावाचे रंगभवन एकेकाळी रॉकच्या कार्यक्रमांचे घर होते. शांतता क्षेत्रात आल्याने तिथला आवाज थांबला. एक चांगली जागा गेल्यावर परत मिळत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या कानांचाही विचार असू द्या. उघड्यावर दर वेळी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे पुढचे दोन स्पीकर फोडण्यापेक्षा तीस मीटरवर आणखी दोन छोटे स्पीकर लावणे बरे. त्यांना उशीर द्यावा लागतो, दर मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद, म्हणजे तीस मीटरला जवळपास ८७. तो दिला नाही तर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आता अल्बमविषयी, कारण बहुतेक प्रेक्षक आधी अल्बम ऐकून येतात. रेकॉर्डिंगमध्ये अकूस्टिक गिटारसमोर कंडेन्सर माईक असतो, मान जिथे अंगाला मिळते त्या जागेसमोर वीस-तीस सेंटिमीटरवर. तीच ओळ बहुधा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात. रंगमंचावर एकच गिटार, तीही पिझोतून, आणि स्पीकर बहुतेक मोनो. अल्बमसारखे वाजणार नाही हे उघड आहे. पण साउंडवाल्याने दोन गाणी आधी ऐकली असतील तर गाण्यात पुढे काय हवे, गिटार की आवाज, हे त्याला कळते. कलाकाराकडून आठ दिवस आधी तीन गोष्टी मागवून घ्या: दोन गाण्यांच्या लिंक, रंगमंचावर कोण कुठे उभे राहणार त्याचा आराखडा, आणि प्रत्येक चॅनेलची यादी. हे तिन्ही आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न ठेवता थेट साउंडवाल्याच्या हातात द्या.

रेकॉर्डिंग करायचे असेल तर मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर विसंबू नका. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा अँप आधीच मोठा असतो, म्हणून मिक्सरमध्ये ते कमी ठेवलेले असतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता गायक एकटा उघडा पडतो. डिजिटल मिक्सरमधून यूएसबीने प्रत्येक चॅनेल वेगळा घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि हॉलमध्ये दोन माईक प्रेक्षकांसाठी लावा. त्यातून पुढे अल्बम निघू शकतो. ते रेकॉर्डिंग कलाकाराला द्या आणि ते कुठे टाकायचे हे त्याच्याशी आधी लेखी ठरवा. दुसऱ्यांची गाणी गायली जाणार असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना काढणे आयोजकाचे काम आहे, आणि मधल्या वेळात रेकॉर्ड वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा.

आणि बाहेर पडण्याच्या दाराशी एक टेबल ठेवा. सीडी असतील तर सीडी, नसतील तर अल्बमच्या लिंकचा आणि यूपीआयचा असे दोन क्यूआर कोड, ठळक छापलेले. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकाला ते एकदा सांगू द्या. आभारप्रदर्शन लोक उभे राहायच्या आत संपले, तर कलाकार टेबलापर्यंत पोचतो आणि ऐकणाऱ्यांशी दोन शब्द बोलतो.

पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापण्याआधी पाच ते सहा हा रकाना भरून टाका, एवढीच विनंती. चॅनेलची यादी आणि डीआय बॉक्सचा हिशोब आम्ही पाठवून देऊ.

आपले,
गिटार वाजवणारे आणि ऐकणारे